कडं हुडकायचा व्यायाम

"उठायचं कशाला?" वस्तादांनी विचारलं.

"बसलेलं माणूस उठतंच की," मी म्हणलं.

वस्ताद हसले न्हाईत. तालमीच्या उंबऱ्यात बसून ते लिंबं चिरत होते. कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत घालायला. त्या मातीला ताक लागतं, तेल लागतं, हळद लागते, लिंबू लागतं. एवढं तर मी माझ्या नवऱ्याला बी कधी घातलं न्हाय.

"वैनी, मी विचारलं, उठायचं कशाला?"

"गुडघं धरल्यात."

"गुडघ्याला डाक्टर हाय."

"पोराला दाखवायचंय. त्याची खोड मोडायची हाय."

"पोरगं माघारी गेलं की तुम्ही परत बसणार."

मी गप बसले. मी गप बसले म्हंजे गल्लीत माणसं बघायला येतात, इतकं ते कमी होतं.

दस्तगीर वस्ताद म्हंजे असलंच माणूस. माझ्यापेक्षा वयानं मोठं. कान दोन्ही मोडलेले, घडी घालून ठेवल्यासारखे. नमाज चुकवायचे न्हाईत आन् तालमीतल्या मारुतीपुढचा दिवा बी चुकवायचे न्हाईत. माझा मालक जिवंत होता तवा ह्यांच्याच हाताखाली कुस्ती शिकला. लई कुस्त्या खेळला. मी बघायला गेले की आभाळाकडं तोंड करूनच दिसायचा.

माझं मागणं तसं बारीक होतं. जमिनीवर बसायचं आन् कशाला न धरता आपलं आपण उठायचं. एवढंच शिकवा म्हणलं.

त्याला कारण माझा पोरगा, हणमंत. पुण्याला असतो, नवव्या मजल्यावर. तिथनं खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. लिफ्टमधी कुणी कुणाशी बोलत न्हाय. मी एकदा एकाला विचारलं, "जेवलास का बाबा?" तर त्यानं मोबाइल काढून कानाला लावला. वाजलेला बी नव्हता.

त्या नवव्या मजल्यावर हणमंताला मला कायमचं न्यायचं होतं. मी न्हाय म्हणत होते. फोनवर भांडून भांडून शेवटी तो म्हणला, "आई, दिवाळीला येतो. माझ्यासमोर जमिनीवर बस आणि एकटी उठून दाखव. उठलीस तर राहा तिथंच, मी परत विषय काढणार नाही. नाही उठलीस तर घराला कुलूप लावायचं आणि गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणलं. माझं तोंड माझ्या गुडघ्याला विचारत न्हाय, हीच तर सगळी अडचण हाय.

...

वस्तादांचं लिंबू चिरून झालं. त्यांनी सुरी पुसली. माझ्याकडं बघितलं न्हाय, पण उठून बी गेले न्हाईत.

मग मी खरं सांगितलं.

"श्रावणात मी स्वयंपाकघरात पडले," मी म्हणलं. "लागलं काय न्हाय. पण उठता येईना. ओटा हाताला लागंना, एवढा एवढा राहिला. सकाळपासनं ऊन फिरंपर्यंत फरशीवर पडून. ओट्याखाली माझा हरवलेला चमचा होता. म्हणलं, चला, हा तरी गावला."

"हाक मारायची."

"न्हाय मारली."

"का?"

"... दूधवाला आला, त्यानं बघितलं. त्यानं माणसं गोळा केली, हणमंताला बी कळवलं. एकानं हात धरलं, एकानं पाय. शेंगांचं पोतं उचलतात तसं मला उचललं. आन् पाय धरणारा म्हणला, 'हलकीच हाय की म्हातारी.'"

वस्तादांनी ताटातली एक बी वेचून टाकली.

"त्यानं चांगल्या मनानंच म्हणलं," मी म्हणलं. "तेच मला खपलं न्हाय."

वस्तादांनी चिरलेल्या लिंबांचं ताट उचललं आन् आत गेले. मला वाटलं, झालं, हाकललं. तर आतनं आवाज आला.

"दुपारी पोरं नसतात. चपला बाहेर काढा."

...

हौदाच्या काठावर मी उभी राहिले. वर दोरीला पोरांचे लंगोट वाळत होते. मी पदर डोळ्यावर घेतला. मग म्हणलं, ह्या वयात कशाला, आन् बघितलं.

वस्ताद म्हणले, "एक अडचण हाय. ह्या मातीत बाईमाणूस अजून उतरलेलं न्हाय."

"शेतात उतरताना माती काय विचारत न्हाय ती. इथलीच कशी विचारती?"

"माझ्या वस्तादाचा रिवाज हाय. वर मारुती हाय."

"मग मारुतीला विचारते."

गेले. मारुतीपुढं हात जोडून उभी राहिले. बराच वेळ. दिव्याची वात जरा पुढं सारली. माघारी आले.

"काय म्हणला?" वस्तादांनी विचारलं.

"गप हाय."

"गप म्हंजे हो न्हाय."

"गप म्हंजे न्हाय बी न्हाय. तुम्ही जाऊन विचारा. तुमची वळख जास्त हाय."

वस्तादांनी मारुतीकडं बघितलं. मारुतीनं वस्तादांकडं बघितलं. दोघं बी ब्रह्मचारी, दोघांना बी बाईशी वाद घालायची सवय न्हाय.

मग वस्तादांनी लिंबांचं ताट माझ्या हातात दिलं.

"पिळत उतरा," ते म्हणले. "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच पिळायला लागतं."

मी पिळत उतरले. माती गार होती. मऊ. पाय घोट्यापर्यंत आत. मला माझा मालक आठवला. म्हणलं, मेल्या, एवढी मऊ होती व्हय? मग पाडला की कण्हत कशाला यायचास?

"बसा," वस्ताद म्हणले.

बसले. म्हंजे पडलेच, पण बसल्यासारखी.

"उठा."

"हात द्या."

"ह्या मातीत बसलेल्याला, पडलेल्याला, कुणाला हात द्यायचा न्हाय. तो बी रिवाज हाय."

"मघाशी एक मोडला की."

"तो मारुतीचा होता. हा माझा हाय."

आन् गेले चहा ठेवायला.

मी पुढं रेटा दिला. न्हाय. मागं रेटा दिला. न्हाय. वस्तादांना शिव्या दिल्या, त्यांच्या वस्तादाला दिल्या. शिव्या देताना जरा जोर आला, पण तो तोंडातच राहिला, खाली उतरला न्हाय. चहाचा वास यायला लागला. शेवटी बुडावर सरकत सरकत काठापर्यंत गेले, कट्टा धरला, आन् वडत वडत उभी राहिले. लुगडं मागनं तांबडं लाल. वानरीण दिसत असणार.

वस्तादांनी चहा दिला.

"उठले की न्हाय?" मी म्हणलं.

"कट्टा उठला. तुम्ही त्याच्याबरोबर गेला."

"घरात मला ओटा हाय."

"श्रावणात बी होता."

... चहा गोड होता. मला कडू लागला.

...

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले.

तालमीच्या कोपऱ्यात मुदगल असतात. लाकडाचे, गदेसारखे, पोरं खांद्यावरनं फिरवतात ते. त्यातला एक मी आडवा पाडला, गडगडत हौदात आणला, आन् जाड बाजू खाली करून मातीत पुरला. मूठ तेवढी वर, तिच्यावर वोंजळभर माती. वरनं हात फिरवून साफ केलं. मांजर बी एवढं नीट झाकत न्हाय.

वस्ताद आले.

"बसा."

बरोबर जागा बघून बसले.

"उठा."

"तुम्ही चहाचं बघा," मी म्हणलं. "बायामाणसाकडं असं टक लावून बघू ने."

वस्ताद पाठमोरे झाले. मी मातीत हात घातला, मूठ धरली, अंग टाकलं तिच्यावर, आन् उठले! पटकन पायानं माती सारली.

वस्ताद वळले. "उठला?"

"उठले की."

"एकट्या?"

"दुसरं कोण हाय हितं?"

वस्तादांनी मातीकडं बघितलं. कोपऱ्यातल्या मुदगलांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"उद्या या," ते म्हणले.

रात्री मी हणमंताला फोन लावून म्हणलं, "गाडीत माझ्यापुरती जागा ठिवू नगस. डिक्कीत चिवड्याचा डबा ठिव, तो तेवढा येईल तुझ्यासंगं." लई गुर्मीत बोलले. लई बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गेले, जागा बघितली, बसले. वस्ताद पाठमोरे. मातीत हात घातला.

न्हाय.

जरा डावीकडं घातला. न्हाय. उजवीकडं. न्हाय.

मान वर करून बघितलं तर मुदगल मारुतीपुढं उभा. धुऊन, पुसून, तेल लावून.

आता मोठी पंचाईत. माझा मुदगल कुठं गेला, असं विचारायची बी सोय न्हाय.

"काय हुडकताय?" वस्तादांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"काय न्हाय."

"माती उकरल्याचा आवाज येतोय."

"... कडं," मी म्हणलं. "हातातलं कडं पडलं."

तांब्याचं कडं होतं माझ्या हातात, संधिवातासाठी हणमंतानं आणलेलं. खोटं बोललं तर खोट्याला जागावं लागतं. मी ते हळूच काढलं आन् लांब, जमंल तेवढं लांब, मातीत भिरकावलं. ते खरंच कुठं तरी घुसलं.

"पोराचं कडं व्हय?" वस्ताद म्हणले. "मग हुडकलंच पायजे."

"हुडकतेय की."

"बसून कसं गावंल?"

खरंच गावंना. बसल्या जागी हात पुरंना. मी एका अंगावर कलले. कोपर टेकलं. मग गुडघा आला. मग दुसरा आला. झाले जनावरासारखी चार पायांवर. लहान पोर रांगतं तशी रांगायला लागले, मातीत बोटं घालत. लाज वाटायची खरी, पण कडं खरंच हरवलं होतं, लाजायला सवड कुठली.

हौदाच्या पार पलीकडच्या अंगाला गावलं. हातात घेतलं, पुसलं. आन् दाखवायला म्हणून एक पाऊल पुढं घेतलं, हात मातीला रेटला, म्हणलं, "हे बघा, गावलं!"

वस्ताद वळले.

मी उभी होते.

माझ्या हातात कडं होतं. आजूबाजूला काय नव्हतं. ना कट्टा, ना मुदगल, ना दूधवाला.

मी माझ्या पायांकडं बघितलं. दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे दिसत होते.

"वस्ताद... हे कसं झालं?"

"चहा घ्या," ते म्हणले.

...

तवापासनं माझी एक रीत झाली. रोज तालमीत जायचं आन् काय तरी हरवायचं. कधी कडं, कधी किल्ली, कधी मिश्रीची डबी. एकदा वरचा बसवलेला दात काढून टाकला, तो गावायला लई त्रास झाला. आन् गावल्यावर धुवायला त्याच्याहून झाला.

वस्ताद रोज विचारायचे, "आज काय हरवलंय?"

"आज अक्कल."

"मग आज उशीर होईल."

घरी बी तेच. सकाळी उठलं की कांदा घ्यायचा, पलंगाखाली गडगडत सोडायचा, आन् मागनं रांगत जायचं. घेऊन उठायचं. परत सोडायचा. शेजारणी सकाळी बागेत फेऱ्या मारतात, टाळ्या वाजवतात, मोठ्यानं हसायचा व्यायाम करतात. मला म्हणल्या, तुम्ही बी या. म्हणलं, हसायला मला बागेत जायला लागत न्हाय, तुमच्याकडं बघितलं तरी भागतं. माझा कांदा बरा.

हणमंत मोबाइलवर एक बाई पाठवायचा. खुर्चीत बसून हात वर, हात खाली, आन् सारखी दात काढती. "आई, हिच्यासारखं कर. खुर्चीतून उठायचं नाही." मी दोन दिवस बघितली. त्या बाईला खुर्चीतनं उठायचं सुचलंच न्हाय शेवटपर्यंत. मी बंद केली.

गुडघं दुखायचं राहिलं असं न्हाय. दुखतात ते दुखतात. पण आता ते दुखत दुखत माझ्यासंगं येतात.

...

दिवाळीला हणमंत आला.

हणमंत व्यायामाचा लई भोक्ता. लहानपणी बापानं ह्याच तालमीत आणला होता, तर नाकात माती गेली म्हणून रडत घरी पळाला. आता पुण्यात पैलवानी करतो, गार हवेच्या खोलीत, आरशापुढं. आज हाताचा व्यायाम, उद्या पाठीचा, परवा पायाचा. देवांचे वार असतात तसे ह्याच्या एकेका अवयवाचे वार हायत. मनगटावर एक घड्याळ हाय. बसून लई वेळ झाला की ते त्याला उठायला सांगतं. एवढा मोठा माणूस, पण घड्याळाचं ऐकतो. आईचं न्हाय.

"चल," तो म्हणला, "दाखव. घरात दाखव."

"तालमीत दाखवीन."

"तालमीत कशाला?"

"तितं मारुती साक्षीला हाय. तू शब्द फिरवशील."

दुपारची तालीम मोकळी होती. वस्ताद कट्ट्यावर बसले होते. हणमंतानं वाकून नमस्कार केला. पोरगं वाईट न्हाय माझं.

"वस्ताद, तुम्ही तरी सांगा हिला," तो म्हणला. "हट्टाला पेटली आहे."

"बूट काढ," वस्ताद म्हणले.

मी हौदात उतरले. हणमंत समोर उभा राहिला. मी बसले. सावकाश, बसल्यासारखी.

"उठ," हणमंत म्हणला. आवाज बारीक झाला होता त्याचा.

मी अंगावर कलले. कोपर टेकलं. गुडघा आणला. आन् तेवढ्यात हणमंत पुढं झेपावला आन् माझ्या काखेत हात घातला.

"हात काढ!" वस्ताद वरडले.

एवढ्या दिवसांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. हणमंतानं हात काढला. लहान पोरासारखा मागं सरला.

मी चार पायांवर थांबले. दम घेतला. एक पाऊल पुढं ठेवलं. हात मातीला रेटला.

उठले.

पदर सारखा केला. हणमंताकडं बघितलं.

तो हसला न्हाय. "हे नाही चालणार," तो म्हणला. "तू हात टेकवलास. कशालाही न धरता ठरलं होतं."

"मातीला टेकवला," वस्ताद म्हणले. "माणसाला न्हाय."

"वस्ताद, हा शब्दांचा खेळ झाला. आई, हे रांगणं आहे, उठणं नाही. आणि परत पडलीस तर?"

"उठीन."

"आणि नाही उठलीस तर?"

मी हाताची माती झाडली.

"त्या दिवशी तू फरशीवर होतीस तेव्हा मी तिकडे वजनं उचलत होतो," हणमंत म्हणला. "आरशासमोर. तेव्हापासून रोज सकाळी तू फोन उचलेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि तू इथे मातीत रांगून मला सांगतेस, उठीन?"



मला कसं तरी झालं. वाटलं, जावं ह्याच्यासंगं. त्या लिफ्टमधी गप उभं राहावं. पोराच्या घशाखाली चहा तरी उतरंल...

मग काखेतली जागा आठवली, जिथं त्यानं आत्ता हात घातला होता. त्यानं बी चांगल्या मनानंच घातला होता.

"मी येणार न्हाय," मी म्हणलं.

"आई!"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"मग नीट उठून दाखव! असं उठायचं असतं, बघ!"

आन् माझा पोरगा, चांगल्या इस्त्रीच्या पँटीत, मातीत मांडी घालून बसला. हात छातीवर बांधले.

"बघ. हात न लावता. असं..."

तो पुढं झुकला. पाय रोवले. पण तालमीची माती ती, सकाळीच खणलेली. पाय आत गेले आन् हणमंत माघारी बसला. धप्प.

"माती भुसभुशीत आहे," तो म्हणला.

"व्हय," मी म्हणलं.

परत झुकला. अर्ध्यावर आला. तोंड लाल झालं, मांड्या थरथरायला लागल्या. परत धप्प.

"काल पायांचा दिवस होता," तो म्हणला. "जड झालेत."

"आज कशाचा वार?" वस्तादांनी विचारलं.

हणमंत तिसऱ्यांदा झुकला. आन् अर्ध्यावर आल्यावर, त्याला कळलं बी नसंल, छातीवरचा हात सुटला आन् वर आला. माझ्याकडं.

"आये... हात दे."

पुण्यात गेल्यापासनं तो मला आई म्हणतो. आये म्हणायचा ते लहानपणी, शेंबूड पुसायचा असला की.

माझा हात गेला. मी न्हाय पाठवला, तो आपला आपणच गेला. बोटांना बोटं लागायच्या बेतात आली.

वस्ताद माझ्या हाताकडं बघत राहिले.

...

मी हात माघारी घेतला. पदरात गुंडाळला. परत जाऊ ने म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

हणमंत खाली बसला. माझ्याकडं बघत राहिला. हात तसाच वर.

"भाकरी टाकते," मी म्हणलं. "गरम खायची असंल तर ये. घर उघडंच हाय, आन् कुलपाची किल्ली माझ्या कमरेला हाय."

मी हौदातनं वर आले. कट्टा धरला न्हाय. मारुतीपुढनं गेले, त्याच्याकडं बघितलं न्हाय, तो अजून गपच असणार. उंबऱ्यात चपला घालायला थांबले. एक चपल सापडंना. मुद्दाम न्हाय, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून.

आत काय तरी टुणटुण वाजलं.

"ते काय म्हणतंय?" वस्तादांचा आवाज आला.

"घड्याळ आहे." हणमंताचा आवाज. "लई वेळ बसलाय, उठा म्हणतंय."

कपबशीचा आवाज आला. वस्तादांनी चहा बशीत वोतला असणार.

"उठायचं कशाला?"